चाळीस फुटांची वही

सकाळी डोळे उघडले की तुम्ही सगळ्यात आधी काय करता? खरं सांगा. उशाशी ठेवलेला मोबाइल उचलता आणि अंगठा सुरू. वर, अजून वर, अजून वर. स्क्रोल हा शब्द आता इतका आपला झालाय की आजीसुद्धा वापरते. पण स्क्रोल म्हणजे मुळात गुंडाळी. कागदाची, चामड्याची नाहीतर कापडाची लांबलचक गुंडाळी. उलगडत जायचं आणि वाचत जायचं.

अशी एक गुंडाळी आपल्या बीड जिल्ह्यात आहे. अंबाजोगाईत. लांबी जवळपास ४० फूट, रुंदी साधारण ४ फूट. बॅडमिंटनचं कोर्ट ४४ फूट लांब असतं, म्हणजे अंदाज करा. या टोकापासून त्या टोकापर्यंत अक्षरं आणि आकृत्या. वय चारशे वर्षांहून जास्त. तिला म्हणतात पासोडी, आणि ती लिहिणाऱ्या माणसाचं नाव दासोपंत.

तुमच्यापैकी काहींनी हे नाव एमपीएससीच्या नोट्समध्ये वाचलं असेल. ग्रंथ आणि ग्रंथकार, जोड्या जुळवा. एक मार्क. त्या एका मार्कामागे केवढा माणूस आहे, ते आज बघू.

ओलीस ठेवलेला मुलगा

दासोपंत दिगंबर देशपांडे. जन्म शके १४७३, म्हणजे १५५१. गाव नारायणपेठ, बीदरच्या राज्यातलं. वडील दिगंबरपंत, आई पार्वतीबाई. घरात देशपांडेपण, म्हणजे महसुलाचा हिशेब ठेवायचं आणि तो वर पोचवायचं काम. घरात लेखणी होती, दौत होती, आकडे होते. मुलगा लहानपणीच लिहाय-वाचायला शिकला असणार, हे वेगळं सांगायला नको.

पण या लेखणीवाल्या घरावर एक दिवस संकट आलं. परंपरेनं सांगितली जाणारी गोष्ट अशी: साऱ्याची मोठी रक्कम थकली. वसुली होईना. बीदरच्या दरबारानं दिगंबरपंतांना पैसे भरायला मुदत दिली आणि तोवर त्यांच्या मुलालाच ओलीस ठेवून घेतलं. पैसे आले नाहीत तर मुलगा पुन्हा घरी येणार नव्हता. दासोपंत तेव्हा तुमच्याच वयाचे असतील, किंवा थोडे लहान.

मुदत संपायच्या दिवशी दत्ताजी पाडेवार नावाचा कुणी माणूस दरबारात आला, सगळी रक्कम मोजून दिली, पावती घेतली आणि निघून गेला. पुन्हा कुणाला दिसला नाही. भक्तांनी सांगितलं, तो साक्षात दत्तच. तुम्ही कसं वाचायचं ते तुम्ही ठरवा. पण त्या पोराच्या मनावर काय उमटलं असेल, याचा विचार करा. आपली किंमत एका हिशेबाच्या कागदावर लिहिलेली होती आणि कुणीतरी अनोळखी माणसानं ती भरली.

घरी परतलेला मुलगा मग घरात रमला नाही. लग्न झालेलं होतं, तरी एक दिवस तो कुणाला न सांगता बाहेर पडला आणि माहूरला गेला. माहूर म्हणजे दत्ताचं ठाणं. तिथे त्यानं बारा वर्षं साधना केली, असं सांगतात.

बारा वर्षं नो नेटवर्क

बारा वर्षं! आपल्याला एक तास रिप्लाय आला नाही तर जीव खालीवर होतो. त्या काळात माणूस उंबरठ्याबाहेर पडला की संपलं. जाणाऱ्या-येणाऱ्या वाटसरूनं निरोप आणला तर आणला. वाण्याच्या तांड्याबरोबर चिठ्ठी गेली तर गेली. नाहीतर वाट बघायची.

दासोपंतांच्या घरच्यांनी बारा वर्षं वाट बघितली. त्या वेळच्या रिवाजाप्रमाणे इतकी वर्षं पत्ता नसलेला माणूस गेला असं धरत. कथा सांगते की सुनेचे सौभाग्यालंकार उतरवायची वेळ आली. घरची मंडळी नदीवर त्यासाठी जमली आणि नेमकी तिथेच त्यांना दासोपंत भेटले.

गोष्ट गोड शेवटाची आहे. पण त्या बाईची ती बारा वर्षं कुणी लिहून ठेवली नाहीत, हेही ध्यानात ठेवा. एका बाजूला पुढं लाखभर ओव्या लिहिणारा माणूस, दुसऱ्या बाजूला त्याची बायको. तिचा एक शब्द आपल्यापर्यंत पोचलेला नाही. लिहिण्याचं साधन कुणाच्या हातात होतं आणि कुणाच्या नाही, याचा हिशेब असा निघतो. त्या काळात लेखणी थोड्या घरांत होती. त्या घरांतही ती बहुतेक पुरुषांच्याच हातात होती. बाकीच्यांचं शहाणपण ओठांवर होतं. जात्यावर, भजनात, शेतात. माणूस गेला की त्याच्याबरोबर जायचं.

माहूरनंतर दासोपंत गोदाकाठी राक्षसभुवनला आले. हे गेवराई तालुक्यातलं, आपल्याच जिल्ह्यातलं गाव. तिथे त्यांना दत्ताच्या पादुका मिळाल्या, असं मानतात. आणि शेवटी ते येऊन स्थिरावले ते अंबाजोगाईला, जोगाईच्या आंब्याला.

गाव बरोबर निवडलं

अंबाजोगाई काही कुणीही उठून ओव्या लिहायला बसावं असं साधं गाव नव्हतं. दासोपंतांच्या साडेतीनशे वर्षं आधी, शके १११० म्हणजे ११८८ मध्ये, मुकुंदराजांनी विवेकसिंधु लिहिला. त्यांची समाधी अंबाजोगाईजवळच आहे. मराठीतला पहिला ग्रंथ कोणता यावर अभ्यासक अजून भांडतात, पण विवेकसिंधुचं नाव त्या भांडणात अगदी पुढं असतं.

मुकुंदराजांनी जे केलं ते तेव्हाचं मोठं धाडस होतं. संस्कृतात कुलूपबंद असलेलं ज्ञान मराठीत आणलं. भाषा हेही एक माध्यमच की. शाळेबद्दल बोलताना आपण मराठी माध्यम, इंग्रजी माध्यम म्हणतो आणि टीव्ही, मोबाइललाही माध्यमच म्हणतो. दोन्हीला शब्द एकच, आणि कामही एकच. माध्यम बदललं की ज्ञानाच्या खोलीत कोण शिरणार आणि कोण बाहेर राहणार, हे बदलतं.

दासोपंतांच्या काळात दुसरा एक मोठा माणूस हेच काम करत होता. पैठणचे एकनाथ. दासोपंतांपेक्षा वयानं मोठे. दोघांची भेट झाल्याच्या कथा आहेत. एकनाथांनी केलेलं एक काम तर प्रत्येक विद्यार्थ्याला माहीत असायला हवं. ज्ञानेश्वरी १२९० ची. त्यानंतर तीनशे वर्षं लोक तिच्या हातानं नकला करत होते. आता एखाद्या मित्राच्या नोट्स तुम्ही उतरवून घेतल्या, तुमच्या दुसऱ्यानं घेतल्या, त्याच्या तिसऱ्यानं, तर दहाव्या वहीत काय उरेल? एखादी ओळ गळते, एखादा शब्द बदलतो, कुणी शहाणा स्वतःचं वाक्य घुसडतो. ज्ञानेश्वरीचं तेच झालं होतं. एकनाथांनी जुन्या प्रती जमवल्या, ताडून बघितल्या आणि शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ ला, शुद्ध केलेली प्रत तयार केली. आज फॉरवर्ड मेसेज पुढं ढकलण्याआधी तो खरा का खोटा हे तपासा असं आपल्याला सांगतात. एकनाथांनी ते काम नऊ हजार ओव्यांवर केलं.

ढबू पैशाची शाई

आता दासोपंत काय लिहीत होते ते बघा. गीतेवर त्यांनी टीका लिहिली, तिचं नाव गीतार्णव. अर्णव म्हणजे समुद्र, आणि नाव अगदी बरोबर आहे. ओव्यांची संख्या सव्वा लाख सांगतात. ज्ञानेश्वरी नऊ हजारांच्या आसपास, म्हणजे हा ग्रंथ तिच्या तेरा-चौदा पट.

हा एकच ग्रंथ नाही. गीतार्थबोधचंद्रिका आहे, ग्रंथराज आहे, पदार्णव आहे. पदार्णव म्हणजे गाण्याच्या पदांचा समुद्र. ती पदं रागांत, तालांत बांधलेली. परंपरा सांगते की दासोपंतांना लिहायला रोज एका ढबू पैशाची शाई लागायची. तुमचा रोजचा डेटा संपतो तसा त्यांचा रोजचा शाईचा कोटा.

ही शाई दुकानातून बाटलीत येत नव्हती. काजळी धरायची, डिंकात घोटायची. बोरू तासायचा, त्याला कत द्यायचा, म्हणजे टोक तिरकं कापायचं. कागद हातानं बनवलेला. दौलताबादजवळ कागजीपुरा नावाचं गावच आहे, कागद करणाऱ्यांचं. त्या कागदाला मोल होतं. चूक झाली तर खोडायला पिवळ्या हरताळाचा लेप लावायचा. एखाद्या कामावर हरताळ फासला, असं आपण आज म्हणतो ना, तो हाच हरताळ. त्या काळचं डिलीट बटण.

आता गणित करा. सव्वा लाख ओव्या. रोज दहा लिहिल्या तर साडेबारा हजार दिवस, म्हणजे चौतीस वर्षं. एकही दिवस खाडा न करता. ॲपवर शंभर दिवसांची स्ट्रीक झाली की आपण स्टेटस टाकतो.

उलटी पोथी

आणि मग ही पासोडी. पासोडी म्हणजे गावाकडं पांघरायचं जाडजूड दुहेरी सुती कापड. थंडीत आजोबा अंगावर घेतात तसं. दासोपंतांनी तेच कापड लिहायला घेतलं.

विषय होता पंचीकरण. नाव ऐकून घाबरू नका. वेदांतात मानतात की जग पाच भूतांचं बनलंय: पृथ्वी, आप, तेज, वायू, आकाश. पण ही पाचही सुटी सुटी राहत नाहीत, एकमेकांत मिसळतात. कशी? समजा तुम्ही पाच मित्र डब्याला बसलात, प्रत्येकाकडे एक भाकरी. प्रत्येकानं अर्धी भाकरी स्वतःकडं ठेवली. उरलेल्या अर्धीचे चार तुकडे केले आणि चार मित्रांना एकेक दिला. आता प्रत्येकाकडं काय आहे? अर्धी स्वतःची आणि बाकी चौघांचा आठवा-आठवा हिस्सा. सगळं मिळून पुन्हा एक भाकरी. पंचीकरण म्हणजे साधारण हेच. पाच भूतं, प्रत्येकाचे पाच भाग, पाचापाचा पंचवीस तत्त्वं. त्यातून शरीर कसं बनलं, हाडं कशाची, रक्त कशाचं, श्वास कशाचा, असा सगळा पसारा.

आता तुम्हीच सांगा, हे नुसतं ओळीमागून ओळ लिहून कळेल का? पंचविसाव्या तत्त्वापर्यंत येईतो पहिली दहा विसरतात. इथं तक्ता लागतो, आकृती लागते. बायोलॉजीचा चार्ट भिंतीवर का टांगतात, तसंच. पोथीचं पान वीतभर रुंद. त्यावर हा पसारा मांडला तर सतरा पानांत तुटतो. आणि समोर ४० फूट कापड आहे.

दासोपंतांच्या मनात नेमकं काय होतं ते आपण सांगू शकत नाही. पण हातात काय आलं ते दिसतं. त्या कापडावर सुमारे १६०० ओव्या आहेत आणि त्यांच्या जोडीला आकृत्या. पोथी एका वेळी एकानं वाचायची, बाकीच्यांनी ऐकायची. पासोडी पसरली की दहा जण भोवती उभे राहून एकाच वेळी बघू शकतात. कुठला भाग कुठं जोडलाय, ते बोट ठेवून दाखवता येतं. पंधराएक पावलं चालत वाचायची वही!

यातली एक गंमत बघा. पोथी ज्या कापडात बांधून ठेवतात त्याला बासन म्हणतात. एखादी गोष्ट बासनात गुंडाळून ठेवली, म्हणजे विसरली, हा वाक्प्रचार त्यातूनच आला. म्हणजे ज्ञान कागदावर आणि कापड वरून गुंडाळायला. दासोपंतांनी उलटं केलं. कापडच पोथी झालं.

ते सोपं नव्हतं. साध्या कापडावर शाई फुटते. लिहिण्याजोगं करायला कापडाला खळ द्यावी लागते, घोटून गुळगुळीत करावं लागतं. पान चुकलं तर दुसरं घेता येतं, ४० फुटांच्या कापडाचं काय करणार? पुढची जागा आधी मनात मोजायची आणि मगच बोरू टेकवायचा.

छापखाना आला होता, पण

दासोपंत पाच वर्षांचे होते तेव्हा एक मोठी गोष्ट घडली आणि ती त्यांना जन्मभर कळली नसेल. १५५६ साली गोव्यात छापखाना उतरला. मुळात तो इथिओपियाकडं निघालेला, पण गोव्यातच राहिला. भारतातला पहिला. इकडं अंबाजोगाईत एक माणूस बोरूनं लाखभर ओव्या लिहीत होता आणि काही दिवसांच्या वाटेवर एकाच मजकुराच्या शेकडो प्रती काढणारं यंत्र उभं होतं. दोघांची गाठ पडली नाही.

दासोपंत गेले शके १५३७ मध्ये, माघ वद्य षष्ठीला, म्हणजे १६१५-१६ च्या हिवाळ्याअखेर. आणि १६१६ सालीच गोव्यात राचोलला फादर थॉमस स्टीफन्स यांचं क्रिस्तपुराण छापून बाहेर आलं. अकरा हजारांच्या आसपास ओव्या, तीही मराठीत. मात्र छापल्या रोमन लिपीत, कारण देवनागरीचे खिळे नव्हते. आपली जोडाक्षरं, काना-मात्रा, वेलांट्या धरल्या तर शेकडो खिळे पाडावे लागतात. देवनागरीत मराठी पुस्तक छापायला १८०५ उजाडलं. तेही पार बंगालात, श्रीरामपूरला, विल्यम केरीच्या मराठी व्याकरणाचं. पहिलं मराठी वृत्तपत्र दर्पण निघालं ६ जानेवारी १८३२ ला, मुंबईत.

मराठवाड्यात तर ही लाट आणखी उशिरा पोचली. आपला बीड जिल्हा निजामाच्या हैदराबाद राज्यात. दरबाराची भाषा उर्दू. १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ निघालं, त्याचंही माध्यम उर्दू. घरात मराठी बोलणाऱ्या पोराला कॉलेजात जायचं तर आधी दुसरी भाषा पक्की करायची, मग विषय. मुकुंदराजांनी एक दार उघडून सातशे वर्षं झाली होती, तरी पोरं पुन्हा दारातच उभी. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद मुक्त झालं, तेव्हा कुठं ते बदललं.

मग गीतार्णवाचं काय झालं?

इथं आपण थोडं थांबू, कारण ही गोष्ट तुमच्याही कामाची आहे.

ज्ञानेश्वरी आज घराघरात आहे. तुकोबांचे अभंग न वाचताही पाठ आहेत. दासोपंतांनी या दोघांपेक्षाही जास्त लिहिलं. पण गीतार्णव सबंध वाचलेला माणूस तुम्हाला आजवर भेटलाय का? बहुधा नाही.

कारणं बरीच असतील, कवित्वाची तुलना अभ्यासक करतीलच. पण एक कारण अगदी साधं आहे. हातानं नक्कल करायच्या काळात सव्वा लाख ओव्या उतरवणार कोण? रोज शंभर ओव्यांचा वेग धरला तरी साडेतीन वर्षं लागतात. कागद किती, शाई किती, नकलकाराला जेवण कोण घालणार? अभंग चार ओळींचा, एका तोंडातून दुसऱ्या तोंडात सहज जातो. नऊ हजार ओव्यांची पोथी एखादा गाव उतरवून घेऊ शकतो. सव्वा लाखाची पोथी जिथं लिहिली तिथंच बासनात राहते.

म्हणजे चांगलं तेच टिकतं असं नाही. ज्या त्या काळाच्या साधनाला जे पेलतं, ते टिकतं. उद्या रीलला पेलेल तेवढंच ज्ञान टिकलं, तर बाकीच्याचं काय? तीस सेकंदात मावणारं सगळं उथळ असतं असंही नाही, चार ओळींच्या अभंगात काय काय मावलंय ते आपण जाणतोच. पण काही गोष्टींना ४० फूटच लागतात. त्या सहा इंचात कोंबल्या की तुकडे होतात.

आणि दुसरा प्रश्न, जो आपल्या जिल्ह्याला टोचायलाच हवा. दर वेळी नवं साधन येतं तेव्हा काही जणांना दार उघडतं आणि काही जण बाहेर राहतात. दिवाळी झाली की आपल्या गावागावांतून कोयता घेऊन बिऱ्हाडं निघतात ऊसतोडीला. बरोबर पोरंही. शाळा इथं, पोरगी फडावर. २०२० मध्ये शाळा बंद पडल्या आणि शिक्षण मोबाइलवर आलं, तेव्हा घरात एकच फोन आणि तोही बापाबरोबर बाहेर, अशी किती घरं तुमच्या माहितीत होती ते आठवा. बोरूच्या काळात लेखणी थोड्यांकडं होती. आज मोबाइल पुष्कळांकडं आहे, पण रेंज, रिचार्ज आणि शांतपणे बसायची जागा सगळ्यांकडं आहे का? हा प्रश्न चारशे वर्षं जुना आहे, फक्त त्याचं रूप बदललंय.

तुमचं बासन उघडा

आता तुमच्या फोनमधलं डाउनलोड फोल्डर उघडा. किती पीडीएफ आहेत? टेलिग्रामवरून घेतलेल्या नोट्स, टॉपरची वही, दहा वर्षांचे पेपर. त्यातल्या किती उघडल्या? दासोपंतांच्या काळात ज्ञान मिळवणं अवघड होतं. मिळालं की माणूस ते पाठ करी, उतरवी, गाई. आपल्याकडं मिळवणं इतकं सोपं झालंय की मिळालं म्हणजेच आलं, असं वाटायला लागलंय. डाउनलोड हे आपलं नवं बासन आहे. सगळं गुंडाळून ठेवलेलं.

म्हणून एक काम करा. सगळ्यात नावडता, सगळ्यात गुंतागुंतीचा धडा घ्या. जुन्या कॅलेंडरची कोरी बाजू घ्या, चार पानं चिकटवा आणि तो सगळा धडा एकाच जागी मांडा. बाण काढा, चौकटी काढा, तक्ता करा. मग शेजारच्या घरातल्या पोराला बोलवा, ज्याच्याकडं फोन नाही त्यालाच आधी, आणि बोट ठेवून समजावून सांगा. जिथं अडखळाल ते तुम्हाला आलेलं नाही. पासोडीची ही युक्ती अजून जुनी झालेली नाही आणि तिला रिचार्ज लागत नाही.

आणि कधी अंबाजोगाईला गेलात, तर योगेश्वरीचं दर्शन घ्याच, मुकुंदराजांच्या समाधीला जाच. पण दासोपंतांच्या समाधीपाशीही दोन मिनिटं थांबा. माघ वद्य षष्ठीला तिथं त्यांचा उत्सव असतो. दरबारात ओलीस राहिलेला, बारा वर्षं घराला न सापडलेला आणि मग जन्मभर रोजची शाई रोज संपवणारा हा माणूस. त्याचा समुद्र फार थोड्यांपर्यंत पोचला. त्याची पांघरायची पासोडी मात्र चारशे वर्षं टिकली.

तिथून परत येताना एसटीत बसाल, तेव्हा अंगठा आपोआप स्क्रीनवर जाईल. जाऊ दे. फक्त स्क्रोल करताना एकदा मनात मोजा: आज आपण किती फूट सरकलो, आणि त्यातलं कुणाला बोट ठेवून सांगता येईल असं हातभर तरी आहे का?